भागतंय, म्हणूनच अडलंय

पत्र असं आहे:

"ताई, दोन वर्षांपूर्वी जर्मन शिकायला घेतली. ए१, ए२ या पहिल्या दोन पातळ्या कधी संपल्या कळलंही नाही. दर आठवड्याला काहीतरी नवीन बोलता यायचं, त्याचीच झिंग असायची. बी१ परीक्षा चांगल्या गुणांनी पास झाले आणि तिथून पुढे आठ महिने पहिले पाढे पंचावन्न. क्लास संपलाय, पण रोज वीस मिनिटं ॲप करते, एकाही दिवसाचा खाडा नाही. शिकणाऱ्यांसाठी बनवलेले पॉडकास्ट ऐकते, ते सगळे कळतात. पण खरे जर्मन लोक आपसात बोलायला लागले की पाचव्या सेकंदाला धागा सुटतो. बोलताना तीच ती ठरलेली वाक्यं तोंडात येतात. माझ्यामागून सुरू केलेली मैत्रीण पुढे निघून गेली. माझी कुवत इथपर्यंतच होती का? उत्साह टिकवायचा तरी कसा? की सरळ सोडून देऊ? आणि बी२ चा फॉर्म भरायची तारीख जवळ आलीये, भरू की नको? – पालथा घडा"

प्रिय पालथा घडा,

सही वाचून हसू आलं, पण मान्य नाही. पालथ्या घड्याला बी१ चं प्रमाणपत्र कुणी देत नाही.

तू चार प्रश्न विचारलेस. त्यातल्या 'उत्साह कसा टिकवू' या प्रश्नाला मी सगळ्यात कमी जागा देणार आहे, म्हणून तो आधी उरकते. ए१ ला असताना उत्साह टिकवायला तू काय करत होतीस? काहीच नाही. सोमवारी न येणारं वाक्य शुक्रवारी यायचं, तेवढं पुरायचं. प्रगती डोळ्यांना दिसत होती म्हणून उत्साह होता, आता ती दिसेनाशी झाली म्हणून आटला. भिंतीवर सुविचार चिकटवून तो परत येत नसतो. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते शोधायला हवं. तुझं पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटतं, ते दोन जागी खातंय. तुझी थोडी प्रगती चालू आहे, पण तुला ती दिसत नाहीये. आणि थोडी खरोखरच थांबलीये. दोन्हींची औषधं वेगळी आहेत.

आधी साधा हिशोब करू. आठ महिने म्हणजे दोनशे चाळीस दिवस, रोजची वीस मिनिटं, म्हणजे ऐंशी तास. केंब्रिजच्या इंग्रजी परीक्षा घेणारी संस्था प्रत्येक पातळीला शिक्षकाबरोबरचा अभ्यास साधारण किती तास लागतो याचा अंदाज देते. शून्यापासून मोजलं तर ए२ ला १८० ते २००, बी१ ला ३५० ते ४००, बी२ ला ५०० ते ६००, सी१ ला ७०० ते ८००. हे आकडे इंग्रजीचे आहेत, जर्मनचे थोडे इकडेतिकडे होतील. पण बी१ वरून बी२ ला जायला दीडशे-दोनशे तास, तेही समोर शिक्षक असताना, आणि घरचा अभ्यास वेगळा, एवढं त्यातून नक्की कळतं. ए२ वरून बी१ वर येतानाही जवळजवळ तेवढेच तास लागले होते. फरक इतकाच की तेव्हा क्लास होता, गृहपाठ होता, चुकल्यावर टोकणारं कुणीतरी होतं, आणि ॲप फक्त तोंडी लावायला होतं. आता तोंडी लावणंच जेवण झालंय. ऐंशी तासांत पातळी बदलली नाही यात कुवतीचा काही संबंध नाही. ती बदलली असती तर मीच चकित झाले असते.

शिवाय ज्या मोजपट्टीवर तू स्वतःला मोजतेस, ती युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेली ए१ ते सी२ ची चौकट, तिच्या पायऱ्या उंच आहेत. त्या चौकटीतच ए२, बी१ आणि बी२ च्या पोटात 'प्लस' नावाच्या मधल्या पायऱ्या दिल्या आहेत, कारण सहाच टप्प्यांत माणसं नीट बसत नाहीत हे ती बनवणाऱ्यांनाही माहीत होतं. परीक्षा मात्र पूर्ण पायरीचीच असते. तू मधे कुठेतरी उभी असशील, त्याचं प्रमाणपत्र कुणी देत नाही एवढंच.

दुसरी न दिसणारी गोष्ट शब्दांची. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी २००६ मध्ये एक मोजणी मांडली. एक मूळ शब्द आणि त्याची जवळची रूपं मिळून एक शब्दकुटुंब धरायचं. सर्वाधिक वापरातली पहिली हजार कुटुंबं आली की लिखित इंग्रजीतले ७८ ते ८१ टक्के शब्द ओळखीचे होतात. दुसऱ्या हजारामुळे त्यात ८ ते ९ टक्क्यांची भर पडते. चौथं आणि पाचवं हजार मिळून भर जेमतेम ३ टक्क्यांची. मजकूर आधाराशिवाय वाचायचा तर ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, म्हणजे पन्नासात एकच अनोळखी. त्यासाठी ८ ते ९ हजार कुटुंबं लागतात. आकडे पुन्हा इंग्रजीचेच, पण थोडे शब्द फार वेळा आणि फार शब्द क्वचित, हा स्वभाव सगळ्याच भाषांचा असतो.

याचा अर्थ नीट लक्षात घे. पहिल्या हजाराला जेवढी मेहनत पडली तेवढीच पाचव्या हजाराला पडणार, आणि पदरात पडणार दीड टक्का. सुरुवातीला शिकलेला प्रत्येक शब्द दुसऱ्या दिवशी कुठे ना कुठे भेटायचा, आपोआप पक्का व्हायचा. आता शिकलेला शब्द महिनाभर भेटतच नाही आणि भेटतो तेव्हा विसरलेला असतो. तुला वाटतं आपली स्मरणशक्ती गेली. गेलेली नाही. गिऱ्हाईक तेच आहे, मालाची उलाढाल कमी झालीये.

यावर माझा आवडता उपाय आहे अरुंद वाचन. आज बातमी, उद्या कथा, परवा विज्ञान असं चौफेर वाचण्याऐवजी दोन-तीन महिने एकच विषय धरायचा, शक्यतो एकच लेखक. तुला जे आवडतं ते: सायकली, गुन्हेकथा, बागकाम, काहीही. एका विषयाचे शब्द त्या विषयात सतत परत येतात. भाषेत एरवी दुर्मीळ असलेला 'ब्रेकची तार' हा शब्द सायकलींवरच्या लेखात दर पानावर भेटेल. पहिले दोन-तीन लेख नको जीव करतील, दहावा त्यामानाने सपासप जाईल. आणि महत्त्वाचं म्हणजे हा फरक तुला दिसेल, तोही आठवड्यांत. चौफेर वाचनाला मी वाईट म्हणत नाही, पण बी१ च्या माणसाला ते प्रत्येक लेखात पुन्हा नवशिका करून सोडतं.

आता पठाराकडे, म्हणजे शिकताना प्रगती सपाट होऊन बसते त्या टप्प्याकडे. बी.एड. ला अध्ययनातली पठारावस्था म्हणून जे शिकवतात, त्याचं मूळ बरंचसं तारायंत्रात आहे. विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर या अमेरिकी संशोधकांनी १८९७ आणि १८९९ मध्ये मोर्स संदेश शिकणाऱ्या तारमास्तरांच्या प्रगतीचे आलेख छापले. संदेश पाठवण्याचा वेग नेमाने वाढत गेला. ऐकून उतरवण्याचा वेग मात्र काही काळ वाढला आणि मग आठवडेच्या आठवडे सपाट. तोही कुठे अडला, तर तारेच्या मुख्य मार्गावर नोकरी मिळायला जो किमान वेग लागायचा त्याच्या किंचित खाली. सराव रोज चालू, वेग जागच्या जागी. आणि मग पुन्हा चढण. त्यांनी त्याचं कारण असं सांगितलं की सुरुवातीला माणूस एकेक अक्षर ऐकतो, मग अख्खा शब्द, मग शब्दांचे गट. अक्षरं पुरती अंगवळणी पडल्याशिवाय शब्दांकडे लक्ष द्यायला डोकं मोकळं होत नाही. सपाट रेषेच्या काळात आत हे अंगवळणी पडणं चालू असतं. कसलेला तारमास्तर तर ठोके ऐकत असताना काही शब्द मागचं लिहीत असायचा.

या गोष्टीने धीर येतो, म्हणून ती बहुतेक ठिकाणी इथेच थांबवतात: सराव करत राहा, एक दिवस चढण लागेल. मला ते पटत नाही. १९५८ मध्ये फ्रेड केलर या मानसशास्त्रज्ञाने, ज्याने स्वतः मोर्स शिकवण्याची पद्धत बसवली होती, या पठारालाच भुताटकी म्हटलं. असं पठार प्रत्येकाला लागलंच पाहिजे याला पुरेसा पुरावा नाही, असं त्याचं म्हणणं. कोण बरोबर हा वाद आपल्याला सोडवायचा नाही. आपल्यापुरतं इतकंच घ्यायचं की पठार हा निसर्गनियम समजून त्यावर बसून राहायचं कारण नाही. तारमास्तराला पुढे ढकलणारी एक गोष्ट होती, मुख्य मार्गावरची नोकरी. तिथे कमी वेग चालतच नसे. तुझ्याकडे तसं काही आहे का?

नाहीये, आणि माझ्या मते सगळं इथेच अडलंय. बी१ ला आलेल्या माणसाचं भागायला लागतं. तू बोलतेस ते लोकांना कळतं. तुला हवं ते मिळतं. कळल्यावर समोरचा पुढे जातो, चूक दाखवत बसत नाही, ती दाखवणं अशिष्टही दिसतं. एक उदाहरण घे. जर्मनमध्ये 'मी गेले' म्हणायला 'इश बिन गेगांगन' असं म्हणतात. पण बहुतेक क्रियापदांना 'बिन' ऐवजी 'हाबे' लागतं, म्हणून बी१ पर्यंत पोचलेली कितीतरी माणसं सर्रास 'इश हाबे गेगांगन' म्हणतात. परीक्षेत रिकामी जागा भरायला दिली तर हीच माणसं बिनचूक 'बिन' लिहितात. नियम येतो. बोलताना मात्र जीभ जुन्या वळणावर जाते, आणि ऐकणाऱ्याला अर्थ शंभर टक्के कळतो, त्यामुळे जगात कुठूनही 'चुकलं' असा इशारा येत नाही. ही चूक हजार वेळा बोलून झालेली असते. सराव चूक पक्की करायलाही तितकाच उपयोगी पडतो. भाषाशास्त्रज्ञ लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये अशा थिजलेल्या चुकांना जीवाश्माच्या नावावरून नाव दिलं.

नुसतं भरपूर ऐकल्या-वाचल्याने ही अडचण सुटते का? कॅनडात इंग्रजी घरांतली मुलं बालवाडीपासून फ्रेंच माध्यमात शिकत होती. भाषाशिक्षणाच्या संशोधक मेरिल स्वेन यांनी त्यांच्याकडे पाहून १९८५ मध्ये लिहिलं, की सहावीपर्यंत या मुलांना फ्रेंच उत्तम समजत होती, पण बोलण्या-लिहिण्यातलं व्याकरण फ्रेंच मुलांच्या बरंच मागे होतं. वर्षानुवर्षं रोज तासन्‌तास फ्रेंच कानावर पडत असूनही. स्वेन यांचा निष्कर्ष असा होता की त्यांना बोलायची, तेही नेमकं बोलायची, पुरेशी वेळच येत नव्हती. त्यांचंही भागत होतं.

तेव्हा तुला उत्साहापेक्षा गरज आहे ती अशा कामांची, जिथे भागणार नाही. मी सांगते त्यातलं एकदम सगळं सुरू करू नकोस, दोन गोष्टी उचल.

पहिली मी तुला सक्तीचीच करेन. फोनवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड कर. चार मिनिटं, ठरवलेला विषय, उदाहरणार्थ 'ऐनवेळी फिस्कटलेला एखादा बेत'. कागद समोर घ्यायचा नाही. मग ऐक. ऐकताना अंगावर काटा येईल, तो सगळ्यांनाच येतो, तिकडे लक्ष देऊ नकोस. चुकाही पहिल्यांदा सोडून दे. तू शोधायचेस ते वळसे. म्हणजे असं: तुला म्हणायचं होतं, "तो येईल असं मी गृहीत धरलं होतं, पण त्याने निघायच्या तासभर आधी कळवलं, तेव्हा माझ्यापुढे दुसरा मार्गच उरला नाही." आणि रेकॉर्डिंगमध्ये आहे, "तो आला नाही. त्याने उशिरा सांगितलं. मी घरी राहिले." व्याकरणाच्या दृष्टीने एकही चूक नाही. समोरच्याला कळलंही. पण 'गृहीत धरणं' गेलं, 'तासभर आधी' गेलं, नाइलाज गेला. ही तीन वाक्यं तुझ्या ठरलेल्या वाक्यांपैकी आहेत, आणि तू इतक्या सफाईने त्यांच्यावर उतरतेस की वळसा घातल्याचं तुला स्वतःलाही कळत नाही. गेल्या आठ महिन्यांत तुझी खरी प्रगती झालीये ती वळसे घालण्यात.

प्रत्येक वळशाची जागा लिहून काढ. इथे काय म्हणायचं होतं ते मराठीत लिही, मग जर्मनमध्ये कसं म्हणतात ते शोध, शिक्षकाला किंवा एखाद्या जर्मन माणसाला विचार. हीच तुझी शब्दांची यादी. कुठल्याही ॲपच्या यादीपेक्षा ही मोलाची, कारण हे शब्द तुला लागले होते आणि मिळाले नाहीत. मग तेच बोलणं पुन्हा, तीन मिनिटांत. मग पुन्हा, दोन मिनिटांत. ४/३/२ म्हणून ही पद्धत भाषाशिक्षकांत प्रसिद्ध आहे. किथ मॉरिस यांनी ती मांडली आणि नेशन यांनी १९८९ मध्ये तपासून पाहिली. मूळ पद्धतीत तिन्ही वेळा ऐकणारा माणूस वेगळा असतो, म्हणजे तेच ते सांगणं बावळट वाटत नाही. माणसं मिळाली तर उत्तम, नाही तर फोन आहेच. वेळ कमी होत गेला की शब्द शोधत थांबायला उसंत राहत नाही आणि नवीन वाक्य जिभेवर बसतं. एक धोका सांगून ठेवते: मधे न थांबता तिन्ही फेऱ्या सलग केल्या तर चूकही तीनदा घोटली जाते. म्हणून पहिल्या फेरीनंतर ऐकणं आणि दुरुस्ती, मग पुढच्या दोन.

पहिलं रेकॉर्डिंग पुसू नकोस. तारीख घालून ठेव आणि तीन महिन्यांनी त्याच विषयावर पुन्हा बोल. न दिसणारी प्रगती दाखवणारा याहून स्वस्त आरसा मला माहीत नाही.

चुकांचं काय? एका वेळी एकच. दोन आठवडे फक्त 'बिन' आणि 'हाबे'. बाकी सगळं चुकू दे. या दोन आठवड्यांत ऐकताना, वाचतानाही तेवढंच टिपायचं. हे मी मनाने सांगत नाहीये. रिचर्ड श्मिट हे भाषाशास्त्रज्ञ पाच महिने ब्राझीलमध्ये राहून पोर्तुगीज शिकले. ते डायरी लिहायचे आणि मधून मधून त्यांचं बोलणं रेकॉर्ड व्हायचं. पुढे सिल्व्हिया फ्रोटा यांच्याबरोबर त्यांनी दोन्हींचा मेळ घातला आणि १९८६ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना दिसलं की वर्गात शिकवलेलं किंवा नुसतं कानावर पडलेलं सगळं त्यांच्या बोलण्यात आलं नव्हतं. लोकांच्या तोंडी आहे असं ज्याच्याकडे त्यांचं स्वतःचं लक्ष गेलं आणि डायरीत उतरलं, ते मात्र पुढे त्यांच्या बोलण्यात सापडत होतं. कानावर हजारदा पडलेली गोष्ट लक्षात येईपर्यंत आपली होत नाही, असं त्यांचं पुढचं सगळं म्हणणं यातून आलं.

ऐकण्याबद्दल तू लिहिलंस ते अगदी खरं आहे, पण निदान चुकलंय. शिकणाऱ्यांसाठीचे पॉडकास्ट सगळे कळतात, म्हणजे त्यांचं काम संपलं. ते बंद कर. ते तुला खूश ठेवतात, याहून आता त्यांचा उपयोग नाही. खरे जर्मन लोक बोलतात तेव्हा धागा सुटतो, तो शब्द माहीत नसतात म्हणून थोडा आणि शब्द दाबून बोलतात म्हणून जास्त. तू पुस्तकात 'हास्ट डू' शिकलीस, रस्त्यावर त्याचं 'हास्टे' होतं. 'इश हाबे' चं 'इश हाब'. तू 'हास्टे' हा नवीन शब्द समजून डोक्यात शोधायला जातेस, तेवढ्यात पुढची दोन वाक्यं निघून गेलेली असतात. यावर उपाय जुनाच आहे, शुद्धलेखन. खऱ्या संभाषणाचा वीस-तीस सेकंदांचा तुकडा घ्यायचा, ज्याचा लिहिलेला मजकूर उपलब्ध आहे असा. पाच-सहा वेळा ऐकून जमेल तेवढं शब्दशः उतरवायचं, मग मजकुराशी ताडायचं. जिथे जागा रिकाम्या राहिल्या तिथले निम्मे-अधिक शब्द तुला येणारेच निघतील. ते बघून आधी राग येईल, मग बरं वाटेल. तीस सेकंदांना पंधरा मिनिटं लागतात, म्हणून हे रोज करू नये, आठवड्यातून तीनदा पुष्कळ.

ॲपचा खाडा नसलेला हिशोब तुला प्रिय आहे हे कळतंय. ॲप चालू ठेव, पण त्याला अभ्यास म्हणू नकोस. विसरत चाललेले शब्द योग्य वेळी समोर आणायला ते चांगलं आहे. बाकी, तुला जमेल तेवढंच विचारायचं आणि जमलं की शाबासकी द्यायची असा त्याचा धंदाच आहे. त्या वीस मिनिटांतली दहा आजपासून काढून घे. कधी खाडा झालाच तर होऊ दे. मला तर वाटतं एकदा मुद्दाम करावा, म्हणजे त्याची भीती जाते.

मैत्रिणीचं मी काय सांगू. ती किती तास देते, तिला रोज जर्मनमध्ये बोलावं लागतं का, हे तू लिहिलेलं नाहीस, आणि ते कळल्याशिवाय तुलना म्हणजे नुसता मनस्ताप. तिलाच विचार. पुढे गेलेल्या माणसाला 'तू नेमकं काय करतेस' असं विचारलं की बहुतेक जण हौसेने सांगतात.

आता सोडून देण्याबद्दल. हा प्रश्न तू घाबरत विचारलास, पण तो लाजण्यासारखा नाही. जर्मन तुला कशासाठी हवी होती? पत्रात ते कुठेच नाही, आणि मला ते खटकलं. नोकरीसाठी, पुढच्या शिक्षणासाठी, कुणा माणसासाठी, की शिकायचा आनंद म्हणून? बी१ वर जे काम होतं तेवढंच हवं असेल तर इथे थांबणं हा हिशेबी निर्णय आहे, त्याला हार म्हणायचं काही कारण नाही. मिळवलेलं टिकवायला आठवड्यातून तास-दोन तास वाचन-ऐकणं पुरतं. आणि नुसती दमली असशील तर महिनाभर सुट्टी घे. विसरायची भीती धरू नकोस. मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच केलेल्या प्रयोगांतून विस्मरणाचा आलेख काढला, तो सगळ्यांना माहीत असतो. त्यांनी मोजलं होतं ते मात्र दुसरंच: विसरलेली यादी पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा किती कमी वेळ लागतो. जे पूर्ण गेलं असं वाटतं तेही दुसऱ्यांदा लवकर येतं.

फक्त एक कर. सोडायचं असेल तर ठरवून सोड, तारीख लिहून. रोज वीस मिनिटं करत राहायचं आणि मनातून सोडून द्यायचं, यात ना शिकणं होतं ना विश्रांती.

राहिला फॉर्म. तू गोएथे इन्स्टिट्यूट या जर्मन संस्थेची बी२ देणार असशील असं धरून सांगते. ती परीक्षा वाचन, ऐकणं, लेखन आणि बोलणं अशा चार मॉड्यूलची असते. २०१९ पासून बी२ ची चारही मॉड्यूल एकत्र किंवा सुटी देता येतात, आणि प्रत्येकात १०० पैकी ६० गुणांना पास. म्हणजे 'भरू की नको' असा एकच प्रश्न नाहीये, चार आहेत. नमुना प्रश्नपत्रिका त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. येत्या शनिवार-रविवारी एक संच घड्याळ लावून सोडव: वाचनाला ६५ मिनिटं, ऐकण्याला साधारण ४०, लेखनाला ७५. लेखन कुणा जाणकाराकडून तपासून घे, स्वतः तपासू नकोस. बोलण्याचा भाग एकटीला नीट जोखता येत नाही, तो क्लासच्या जुन्या बाईंसमोर कर. ज्या मॉड्यूलला सत्तरच्या आसपास येतील त्यांचा फॉर्म बिनधास्त भर. पन्नास ते साठच्या मधे असेल आणि परीक्षेला तीन महिने असतील तरीही भर, मुख्य मार्गावरच्या नोकरीचं काम ती तारीख करेल. पन्नासच्या खाली असेल ते पुढच्या खेपेला. तुझ्या पत्रावरून माझा अंदाज आहे की वाचन आत्ता निघेल आणि ऐकणं मागे राहील. सुटी मॉड्यूल घेण्याआधी एवढं विचारून घे, की जिथे प्रमाणपत्र द्यायचंय त्यांना चारही एकाच वेळी दिलेली हवी आहेत का. काही ठिकाणी तशी अट असू शकते, आणि ते फी भरायच्या आधी कळलेलं बरं.

– ताई